कमानीमागची शाळा

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दहा वर्षांतून एकदा घडते. २०२४ च्या नोव्हेंबरात ते अवशेष बॉम जेझू बॅसिलिकातून सी कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले आणि जानेवारी २०२५ पर्यंत तेथे भाविकांची रीघ लागली. आमच्या धर्मग्रामातूनही एक बस गेली होती. पहाटे रांगेत उभे राहावे, दुपारी दर्शन व्हावे, मग सावलीला बसून शिदोरी सोडावी आणि संध्याकाळी वसईची वाट धरावी, असा साऱ्यांचा कार्यक्रम होता. आम्हाला मात्र आणखी एका ठिकाणी जायचे होते. जुन्या गोव्याच्या मुख्य चौकापासून काही अंतरावर, रस्त्याच्या कडेला, एक एकटी कमान उभी आहे. तिच्यामागे ना चर्च आहे, ना इमारत. नुसते गवत आणि झाडे. यात्रेकरूंच्या गाड्या तिच्यासमोरून भरधाव निघून जातात. आम्ही उभे होतो त्या अर्ध्या तासात तेथे कोणीही थांबले नाही.

ही कमान म्हणजे संत पॉल महाविद्यालयाच्या चर्चचा उरलेला दर्शनी भाग होय. ज्या संताच्या दर्शनासाठी लाखो लोक येतात, तो संत या विद्यालयाच्या आवारात कितीदा वावरला असेल याची गणती नाही. त्याचा देह मलाक्काहून १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यात आणला गेला, तेव्हा तो प्रथम याच विद्यालयाच्या चर्चमध्ये ठेवण्यात आला होता. आम्हाला ही कमान ओढून नेते त्याचे कारण मात्र वेगळे आहे. देशोदेशींची मुले एका छपराखाली राहून शिकतात अशी शाळा आज नवलाची राहिलेली नाही. आपल्या धर्मग्रामांतील सुस्थितीतील कुटुंबेही मुलांना तशा निवासी शाळांत पाठवू लागली आहेत. पण जपान, चीन, अ‍ॅबिसिनिया, पेगू, बंगाल, मलबार आणि दख्खन येथील मुले साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी याच भिंतींच्या आत एकत्र जेवली, झोपली, शिकली. त्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्या मनात फार वर्षे घर करून आहे.

त्याचे मूळ आमच्या स्वतःच्या बालपणात आहे. वयाच्या बाराव्या वर्षी आम्हाला दूरच्या एका डोंगरावरील बोर्डिंगात ठेवण्यात आले. तेथे आफ्रिकेतून आलेली मुले होती, आखातातून आलेली होती, सिंहली होती, नेपाळी होती. त्या शाळेचे आमच्यावर ऋण आहे. परक्याशी मैत्री करणे, आपले ताट आपण धुणे, घंटेबरोबर उठणे, आजारी मित्राच्या उशाशी बसणे, हे आम्ही तेथे शिकलो. पण तेथे एक नियमही होता. वर्गाबाहेर जो आपल्या घरच्या भाषेत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडाची एक चकती अडकविली जाई आणि दुसरा कोणी सापडेपर्यंत ती त्यालाच वागवावी लागे. पहिल्या सहामाहीत ती चकती बहुधा आमच्याच गळ्यात असे. दुसऱ्या वर्षी ती आमच्या वाट्याला एकदाही आली नाही. आम्हाला त्याचा अभिमान वाटला. मे महिन्यात घरी आलो तेव्हा आजीने ओट्यावरून आमच्या सामवेदी बोलीत काहीतरी विचारले आणि आम्ही इंग्रजीतून उत्तर दिले. आजी हसली नाही, रागावलीही नाही. शेजारणीकडे वळून एवढेच म्हणाली की, आमचा मुलगा पाहुणा झाला.

या कमानीमागच्या शाळेचा इतिहास आम्ही वाचू लागलो तो त्या एका वाक्यामुळे.

शाळेचा आरंभ येशूसंघीयांनी केलेला नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विकार जनरल मिगेल व्हाझ आणि मेस्त्र दियोगो द बोर्बा या दोन धर्मगुरूंनी १५४१ मध्ये गोव्यात पवित्र श्रद्धेचे बंधुमंडळ स्थापन केले आणि या मंडळाच्या वतीने सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाचे विद्यालय काढले. पूर्वेकडील निरनिराळ्या देशांतील मुलांना येथे आणून शिकवावे, त्यांतील योग्य मुलांना धर्मगुरू करावे आणि त्यांनी मायदेशी परत जाऊन आपल्या लोकांना आपल्याच भाषेत शुभवर्तमान सांगावे, असा त्यांचा हेतू होता. हेतू थोर होता. आपल्या इतिहासाकडे डोळे उघडे ठेवून पाहायचे तर याच्याच शेजारी दुसरी एक गोष्टही नोंदविली पाहिजे. या कार्यासाठी जे उत्पन्न लावून देण्यात आले ते तिसवाडीत पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे होते. ज्यांची देवळे गेली त्यांच्या जमिनींवर त्यांच्याच मुलांचे शिक्षण चालले. ही बोच झाकून ठेवून आम्हाला या शाळेचे कौतुक करता येणार नाही.

मे १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेला आणि शिकविलेला हा माणूस. नव्या विद्यालयाची इमारत तेव्हा उभी राहत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने युरोपला लिहिलेल्या पत्रात तिचे उत्साहाने वर्णन केले आहे. येथील चर्च सॉरबॉन विद्यालयाच्या चर्चच्या जवळजवळ दुप्पट होईल, साठाहून अधिक मुले आताच शिकत आहेत, आणखी सहा वर्षांत ती तीनशेवर जातील व त्यांत नाना देशांचे, नाना भाषांचे विद्यार्थी असतील, असा त्याचा आशय आहे. पॅरिसमध्ये एका खोलीत पीटर फाबेर आणि इग्नाशियस लोयोला यांच्यासोबत राहिलेला झेवियर निवासी विद्यालयाचे सामर्थ्य जाणून होता. एक सावोयचा, दोघे बास्क प्रदेशाकडचे आणि भोवती साऱ्या युरोपातले विद्यार्थी. येशूसंघ जन्मला तो अशाच एका खोलीत. विद्यार्थ्यांच्या खोलीतून काय निपजू शकते हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

२५ जानेवारी १५४३ रोजी, संत पॉलच्या मनपरिवर्तनाच्या सणाला, हे चर्च उपासनेसाठी खुले झाले आणि त्यावरून विद्यालयालाही संत पॉलचे नाव पडले. पुढे पूर्वेकडील येशूसंघीयांना लोक 'पावलिस्ता' म्हणू लागले ते याच घरावरून. १५४५ मध्ये निकोलो लान्चिलोत्तो हा इटालियन येशूसंघीय लॅटिन शिकविण्यास आला. मेस्त्र दियोगो १५४७ च्या आरंभी निवर्तले आणि विद्यालयाची सूत्रे येशूसंघाच्या हाती गेली. मुलांना ख्रिस्ती सिद्धान्त, वाचन, लेखन, लॅटिन व्याकरण आणि गायन शिकविले जाई. कोकणी मुलाशेजारी मल्याळी, त्याच्या शेजारी चिनी, पलीकडे अ‍ॅबिसिनियन. परस्परांशी बोलण्यास त्यांना पोर्तुगीज हीच एक भाषा होती. घरी परतून घरच्या भाषेत बोलावे यासाठी ज्यांना आणले, त्यांचा सारा दिवस परक्या भाषेत जात होता. या शाळेचे यश आणि अपयश या एका गोष्टीत साठलेले आहे.

त्या विद्यार्थ्यांपैकी दोघांची कहाणी आम्हाला विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण ते दोघेही आपल्यासाठी लिहून ठेवून गेले आहेत.

पहिला आंजिरो. जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमाचा हा गृहस्थ. त्याच्या हातून मनुष्यवध घडला होता व तो एका मठाच्या आश्रयाला पळाला होता. बंदरात आलेल्या एका ओळखीच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने त्याला दुसऱ्या जहाजाच्या कप्तानासाठी पत्र दिले. रात्रीच्या अंधारात आंजिरोने ते चुकून भलत्याच कप्तानाला नेऊन दिले. तो कप्तान होता जॉर्ज अल्व्हारिश, झेवियरचा मित्र. वाटेत त्याने झेवियरविषयी इतके सांगितले की, आंजिरोला त्याच्या भेटीची ओढ लागली. मलाक्काला पोचल्यावर झेवियर तेथे नव्हता. निराश होऊन तो परत निघाला. जपानचा किनारा जवळ आला असता वादळाने जहाज मागे चीनकडे लोटले. तो पुन्हा मलाक्काला आला आणि १५४७ च्या डिसेंबरात झेवियर त्याला भेटला. जपानी लोक ख्रिस्ती होतील काय, असे झेवियरने विचारले तेव्हा आंजिरोने दिलेले उत्तर प्रत्येक धर्मशिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते लगेच होणार नाहीत, तो म्हणाला. आधी ते तुम्हाला पुष्कळ प्रश्न विचारतील, तुम्हाला किती कळते ते पाहतील आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुम्ही बोलता तसे जगता की नाही हे पाहतील.

मार्च १५४८ मध्ये आंजिरो आपल्या दोन सोबत्यांसह संत पॉल विद्यालयात दाखल झाला. त्याच वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला महागुरुस्वामींच्या हस्ते त्यांना बाप्तिस्मा मिळाला आणि शाळेचेच नाव त्याला लाभले, पावलो द सांता फे. आठ महिन्यांत तो पोर्तुगीज बोलू, वाचू, लिहू लागला. फादर कोस्मे द टोरेस यांनी संत मत्तयचे शुभवर्तमान त्याला दोनदा समजावून सांगितले आणि ते पहिल्या अध्यायापासून शेवटच्या अध्यायापर्यंत त्याच्या मुखी बसले. २९ नोव्हेंबर १५४८ रोजी त्याने गोव्याहून इग्नाशियस व युरोपातील येशूसंघीयांना पत्र लिहिले. आपला अपराध, पलायन, वादळ, झेवियरची भेट आणि शाळेतील दिवस, सारे त्यात आहे. एका विद्यार्थ्याने आपल्या बोर्डिंगविषयी लिहिलेले इतके जुने आणि इतके मनमोकळे निवेदन आशियात दुसरे क्वचितच सापडेल.

त्याची आणखी एक आठवण झेवियरने नोंदविली आहे. तुम्ही वरून खाली का लिहिता, आमच्यासारखे आडवे का लिहीत नाही, असे झेवियरने त्याला विचारले. तुम्हीच आमच्यासारखे का लिहीत नाही, असा आंजिरोने उलट प्रश्न केला. माणसाचे डोके वर आणि पाय खाली असतात, मग लिखाणही वरून खालीच यायला नको काय? विद्यार्थ्याने गुरूला उलट प्रश्न करावा आणि गुरूने तो कौतुकाने युरोपला लिहून कळवावा, यातच त्या शाळेचे चांगले दिवस दिसतात.

एप्रिल १५४९ मध्ये झेवियर, टोरेस, बंधू हुआन फेर्नांदेझ आणि हे तिघे जपानी गोव्याहून निघाले व १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, कागोशिमास उतरले. शाळेचा हेतू सफल झाल्यासारखे दिसत होते. विद्यार्थी मायदेशी परतला होता आणि आपल्या लोकांना आपल्या भाषेत शिकवीत होता. पण आंजिरो शास्त्रपंडित नव्हता. देवासाठी जपानी शब्द कोणता, असे विचारल्यावर त्याने 'दाइनिची' हा शब्द सुचविला. शिंगोन पंथात जो सर्वश्रेष्ठ बुद्ध मानला जातो त्याचे ते नाव. झेवियर दोन वर्षे त्याच नावाने उपदेश करीत होता आणि त्या पंथाचे भिक्षू त्याचे प्रेमाने स्वागत करीत होते. १५५१ मध्ये यामागुची येथे त्याने त्यांना पवित्र त्रैक्याविषयी आणि देवपुत्राच्या मनुष्यावताराविषयी खोलात जाऊन विचारले, तेव्हा चूक उघड झाली. त्याने तो शब्द टाकला आणि 'देउस' हा लॅटिन-पोर्तुगीज शब्दच जपानीत रूढ केला. आंजिरोने केलेले सिद्धान्ताचे भाषांतर विद्वान जपानी वाचकांना हसू आणणारे होते, असे पुढे येशूसंघीयांनीच लिहून ठेवले.

आंजिरोला दोष देणे सोपे आहे. पण आठ महिन्यांत तो परक्या भाषेत शुभवर्तमान पाठ करू शकला, याचे जे कौतुक झाले त्या कौतुकात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. याला स्वतःची भाषा, स्वतःच्या लोकांचे ग्रंथ, त्यांचे विचार किती ठाऊक आहेत? शाळा विद्यार्थ्याला काय देते हे आपण मोजतो. तो घरून काय घेऊन आला आहे, हे मोजायचे राहून जाते. कागोशिमाच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीला सोडून आंजिरो पुढे समुद्रावर गेला आणि चीनच्या किनाऱ्याकडे मारला गेला, असे जुने लेखक सांगतात. ज्या माणसाने जपानचे दार उघडले त्याची कबर कोठेही नाही.

दुसरा विद्यार्थी अंतोनियो. हा चिनी. लहानपणीच तो संत पॉल विद्यालयात आला आणि सात-आठ वर्षे तेथे राहिला. शाळेत त्यालाही सांता फे हेच उपनाम मिळाले. १५५२ मध्ये झेवियरने चीनला जाण्याचा निश्चय केला तेव्हा दुभाष्या म्हणून साहजिकच त्याने अंतोनियोला बरोबर घेतले. चिनी मुलगा, चीनला जाणारा गुरू, यापेक्षा योग्य जोडी कोणती? पण प्रवासात कळून आले की, इतक्या वर्षांच्या गोव्यातील वास्तव्यात अंतोनियो आपली भाषा जवळजवळ विसरला होता, आणि अधिकारी वर्गाची भाषा तर त्याला येतच नव्हती. शाळेने त्याला लॅटिन दिले, पोर्तुगीज दिले, श्रद्धा दिली आणि ज्यासाठी त्याला आणले होते नेमके तेच त्याच्या हातून निसटले.

सान्शियान हे चीनच्या किनाऱ्याजवळचे बेट. ऑगस्टच्या अखेरीस झेवियर तेथे पोचला. परकीयांना चीनमध्ये पाय ठेवण्याची बंदी होती. मिरीच्या मोबदल्यात आपल्याला चोरून कँटनला पोचवील अशा एका चिनी व्यापाऱ्याशी त्याने बोलणे केले. दुसरा एक दुभाष्या मिळाला होता, तो भीतीने मागे फिरला. ठरलेला व्यापारी आलाच नाही. पोर्तुगीज जहाजे एकामागून एक निघून गेली. थंडी वाढली, अन्न तुटपुंजे झाले, झेवियर तापाने आजारी पडला. गवताने शाकारलेल्या झोपडीत त्याच्याजवळ शेवटपर्यंत राहिला तो हा भाषा हरवलेला विद्यार्थी.

३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे संत फ्रान्सिस झेवियरने प्राण सोडला. त्या अखेरच्या दिवसांची साक्ष आपल्याला मिळते ती अंतोनियोने पुढे पत्ररूपाने लिहिलेल्या वृत्तान्तातून. तापाच्या भरात फादर मोठ्याने बोलत होते, निरनिराळ्या भाषांत प्रार्थना करीत होते, येशूचे आणि पवित्र मरियेचे नाव घेत होते, असे तो सांगतो. त्यांतील काही शब्द अंतोनियोला कळले नाहीत. ती झेवियरची मातृभाषा बास्क असावी, असा चरित्रकारांचा तर्क आहे. अंतोनियोने मरणाऱ्या गुरूच्या हाती पेटलेली मेणबत्ती दिली. नंतर शवपेटीत चुना घालून त्याचे दफन करण्यात आले, तेथेही तो हजर होता.

वाचकहो, हे चित्र आम्ही मनातून कधीच पुसू शकलो नाही. एक विद्वान, जगाच्या अर्ध्या भाषांतून हाका मारीत फिरलेला, अखेरच्या घटकेला आईच्या भाषेकडे परतला. आणि त्याच्या उशाशी बसलेल्या मुलाला परतायला स्वतःची भाषा उरली नव्हती. तरीही तो तेथे होता. राजाचा वकील नव्हता, कप्तान नव्हता, गोव्याचे मोठे मोठे कोणी नव्हते. शाळेतला एक विद्यार्थी होता. शाळेने त्याच्याकडून एक गोष्ट हिरावली आणि दुसरी एक गोष्ट त्याला दिली. निष्ठा. आम्ही या शाळेला पूर्ण दोषी किंवा पूर्ण निर्दोष ठरवू शकत नाही ते यामुळेच.

झेवियर दूर असताना शाळेत जे घडले तेही सांगायला हवे. १५४८ मध्ये अंतोनियो गोमिश हा तरुण येशूसंघीय रेक्टर म्हणून पोर्तुगालहून आला. त्याचे वक्तृत्व मोठे होते. पण कोइंब्राच्या विद्यालयाची शिस्त त्याने जशीच्या तशी गोव्याच्या मुलांवर लादली. ती मुले कंटाळली, काही पळून गेली. शेवटी, झेवियर जपानमध्ये असताना, गोमिशने देशी मुलांना काढून टाकले व शाळा पोर्तुगीज विद्यार्थ्यांसाठी चालविण्याचा घाट घातला. १५५२ च्या आरंभी झेवियर परतला. त्याने गोमिशला रेक्टरपदावरून दूर करून दीवला पाठविले, फादर गास्पर बार्झेउस यांना त्याच्या जागी नेमले आणि देशी मुलांना पुन्हा दार उघडले. शाळा कोणासाठी आहे, हा वाद तेव्हापासूनचा आहे. झेवियरने त्याचे उत्तर आपल्या कृतीने दिले.

त्यानंतरची कथा थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १५५६ मध्ये अ‍ॅबिसिनियासाठी निघालेले एक छापयंत्र गोव्यात आले आणि येथेच राहिले. भारतातील पहिली छपाई याच विद्यालयात झाली. १५८३ मध्ये जपानी सरदारांची चार किशोरवयीन मुले रोमच्या वाटेवर गोव्यात थांबली. परतताना, १५८७ च्या जूनमध्ये, त्यांतील हारा मार्तिनो याने संत पॉल विद्यालयात लॅटिन भाषण केले आणि ते पुढच्या वर्षी सोबतचा जपानी तरुण कोन्स्तांतिनो दोरादो याने गोव्यातच छापले. एका प्रवासाची, एका शिक्षणाची ती चार मुले. त्यांतील मान्सियो १६१२ मध्ये वारला, मार्तिनो हद्दपारीत मकावला मरण पावला, मिगेलने येशूसंघ सोडला आणि जुलियाओ १६३३ मध्ये नागासाकीत रक्तसाक्षी झाला. २००८ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. शाळा सर्वांना एकच धडा देते, परंतु प्रत्येक जण तो आपल्या आयुष्यात वेगळा वाचतो.

कालांतराने विद्यालय साथीच्या रोगांमुळे दुसरीकडे हलले, १७५९ मध्ये येशूसंघीयांना पोर्तुगीज मुलखातून घालविण्यात आले, इमारत ढासळली आणि एकोणिसाव्या शतकात तिचे दगडही उचलले गेले. राहिली ती कमान.

गोव्यात भाषेचा प्रश्न मात्र मिटला नाही. ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने उलटी वाट धरली. त्याने येथील लोकांची भाषा शिकून घेतली आणि १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले 'ख्रिस्तपुराण' आपल्याला दिले. परक्याने आपली भाषा डोक्यावर घेतली. आणि त्याच गोव्यात १६८४ मध्ये सरकारने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. एकाच भूमीवर एकाच ख्रिस्ती नावाने या दोन्ही गोष्टी घडल्या. आमच्या गळ्यातील चकती कोणत्या वंशातली, हे आम्हाला हा इतिहास वाचल्यावर कळले.

आपल्या वसईची आठवण येथे काढल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. संत गोन्सालो गार्सिया हा आपल्या मातीतला. पिता पोर्तुगीज, माता स्थानिक. वसईच्या येशूसंघीयांच्या शाळेत तो शिकला आणि किशोरवयातच एका येशूसंघीय धर्मगुरूबरोबर जपानला गेला. आंजिरो जपानहून आपल्याकडे शिकायला आला, गोन्सालो आपल्याकडून जपानला गेला. तेथे त्याने लोकांमध्ये राहून, प्रथम धर्मकार्यात आणि मग व्यापारात, जपानी भाषा आत्मसात केली. पुढे मनिलात तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता जपानच्या हिदेयोशीकडे वकील म्हणून गेले तेव्हा दुभाष्या होता तो वसईचा हा मुलगा. सान्शियानच्या बेटावर जे अंतोनियोजवळ नव्हते, ते गोन्सालोजवळ होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्याला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये तो संत म्हणून घोषित झाला. आपण त्याच्या धैर्याचे गुणगान करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या धैर्याच्या आधी कितीतरी वर्षे दुसऱ्यांची भाषा नम्रपणे शिकण्याची तपश्चर्या होती, हेही मुलांना सांगावे.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुले दूरच्या शाळांत जातात, परदेशी जातात. जाऊ द्यावीत. आम्ही गेलो नसतो तर आमचे जग ओट्याएवढेच राहिले असते, आणि आफ्रिकेतला एक मुलगा आमचा जन्माचा मित्र झाला नसता. पण मूल दारातून निघताना त्याच्या पेटीत गणवेश आणि पुस्तके भरतो, तशी घरची भाषाही भरून द्यावी. सुटीत ते घरी आले की त्याच्याशी त्याच भाषेत बोलावे. रोझरीचे निदान एक दशक तरी त्याच भाषेत म्हणावे. शाळा ते करणार नाही. ते काम आई-वडिलांचे आणि आजी-आजोबांचे आहे.

आमची आजी गेली त्या रात्री आम्ही तिच्याजवळ होतो. ती बराच वेळ पुटपुटत होती. ती काय म्हणते ते आम्हाला कळत होते. ती आमच्या आजोबांना हाक मारीत होती, विहिरीवरच्या कोणत्या तरी बाईला काही सांगत होती, आणि मध्येच आमचे घरचे नाव घेऊन विचारीत होती की, पोर जेवले का? आम्हाला उत्तर द्यायचे होते. आम्ही जेवलो आहोत, हे तीन शब्द तिच्या बोलीत नीट जुळवून सांगायचे होते. ते जुळेनात. शेवटी आम्ही तिचा हात हाती घेतला आणि तिच्या जपमाळेचे मणी तिच्या बोटांत सरकवून दिले.

कमानीसमोर उभे असताना आमच्या बसचा भोंगा वाजला. मंडळी खोळंबली होती. आम्ही दगडाला हात लावून क्रुसाची खूण केली, अंतोनियोसाठी एक 'नमो मरिया' म्हटली, आणि बसकडे निघालो.